अंक, आकृत्या आणि संगणक : आयुष्यभराच्या एका छंदाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंजक गणित म्हणजे नेमके काय, आणि त्यात संगणक कुठून आला?

परीक्षा, पगार किंवा व्यवहारातील उपयोग यांपैकी काहीही समोर नसताना केवळ कुतूहलापोटी ज्या गणिताकडे जावेसे वाटते, त्याला रंजक गणित म्हणतात. संख्यांचे विलक्षण गुणधर्म, जादूचे चौरस, फट न ठेवता जमीन व्यापणाऱ्या आकृत्या, तर्ककोडी, पटावरच्या खेळांचे विश्लेषण हे त्याचे जुने प्रांत आहेत. संगणकाने या प्रांतांची हद्द वाढवली. १९७० साली ब्रिटिश गणिती जॉन कॉनवे यांनी मांडलेला ‘गेम ऑफ लाइफ’ हा खेळ त्याचे चांगले उदाहरण म्हणता येईल. चौकटींच्या कागदावर प्रत्येक चौकट जिवंत किंवा मृत असते. जिवंत चौकटीचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असतील तर ती टिकते, मृत चौकटीचे नेमके तीन शेजारी जिवंत असतील तर ती जन्म घेते, बाकी सर्व मरतात किंवा मृतच राहतात. नियम एवढेच असले, तरी त्यातून कोणत्या आकृत्या निघतील हे कागदावर फार पुढपर्यंत पाहता येत नाही. आकृत्या वाढत राहून कधीच स्थिरावणार नाहीत असे काही घडू शकते का, हा कॉनवे यांचा प्रश्न त्याच वर्षाच्या अखेरीस बिल गॉस्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या मदतीने सोडवला.

या पानावर ज्या छंदाविषयी लिहिले आहे त्याचा गाभा असा : संगणक एखादी गोष्ट घडताना दाखवतो आणि ती का घडते हे माणसाने शोधायचे असते. या दोहोंपैकी एकच केले तर छंद अर्धाच राहतो.

शाळेत मला गणितात जेमतेम गुण मिळत. मला हे जमेल का?

जमेल. शालेय परीक्षा ठरावीक वेळात ठरावीक रीतीने उत्तर काढण्याचे कौशल्य तपासते. या छंदात घाई नसते आणि एका प्रश्नावर महिनाभर रेंगाळले तरी कोणी विचारत नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, घात आणि अक्षरांचा साधा वापर एवढ्या शिदोरीवर वर्षानुवर्षे पुरेल इतके काम हाताशी असते. कलनशास्त्र, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला अनेकांची झोप उडवणारे कॅल्क्युलस, सुरुवातीला लागत नाही. मात्र आकडेमोड न कंटाळता पुन्हा तपासण्याची तयारी लागते.

एखादे उदाहरण द्याल का, म्हणजे कल्पना येईल?

या छंदाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्याच नाशिक जिल्ह्यातील देवळालीचे आहे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत, एवढी एकच अट आहे. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने लावून लहान संख्या करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. २०२५ घेतल्यास ५२२० − ०२२५ = ४९९५. पुढे ९९५४ − ४५९९ = ५३५५, मग ५५५३ − ३५५५ = १९९८, मग ९९८१ − १८९९ = ८०८२, मग ८८२० − ०२८८ = ८५३२ आणि शेवटी ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे कितीही वेळा क्रिया केली तरी ७६४१ − १४६७ = ६१७४ हेच उत्तर येत राहते. कोठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ गाठले जाते. या संख्येला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

आता यात संगणक आणि गणित यांची वाटणी कशी होते ते पाहावे. दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम ०००१ पासून ९९९८ पर्यंतच्या सर्व संख्या, म्हणजे चारही अंक सारखे असलेल्या दहा वगळून उरलेल्या ९,९९० संख्या, क्षणात तपासून ‘होय, सर्व ६१७४ वर येतात’ असे सांगतो. उत्तर पक्के आहे, पण समाधान होत नाही. म्हणून कागद घ्यावा. उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड मानले तर वजाबाकी अशी येते :

९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क)

याचा अर्थ असा की चारही अंक नेमके कोणते आहेत याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते फक्त दोन फरकांना, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतील फरकाला आणि मधल्या दोन अंकांतील फरकाला. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो आणि दुसरा त्याहून मोठा होऊ शकत नाही, तेव्हा २ + ३ + … + १० अशा एकूण ५४ शक्यताच उरतात. ज्या कामासाठी संगणकाने सुमारे दहा हजार संख्या धुंडाळल्या ते आता एका रविवारी दुपारी हाताने पुरे करता येते. शिवाय प्रत्येक उत्तर ९ ने विभाज्य का असते हेही त्याच सूत्रातून आपोआप कळते, कारण ९९९ आणि ९० हे दोन्ही ९ च्या पटीत आहेत.

इथेच न थांबता अंकांची संख्या बदलून पाहावी. तीन अंकांसाठी ४९५ हा स्थिरांक मिळतो. दोन अंकांसाठी स्थिरांक नाही, तर ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे चक्र आहे. पाच अंकांसाठीही एकच मुक्काम नाही. तिथे तीन निरनिराळी चक्रे आहेत आणि त्यांतले सर्वांत लहान ५३९५५ आणि ५९९९४ या दोनच संख्यांचे आहे. चार अंकांपाशी जे साधते ते पाच अंकांपाशी का बिघडते, या प्रश्नाशी खेळण्यात जो आनंद आहे तो नुसते ६१७४ पाठ करण्यात नाही.

जाता जाता : ६ + १ + ७ + ४ = १८, ६१७४ ला १८ ने भागल्यास ३४३ म्हणजे ७ चा घन मिळतो, आणि १८ + १८ चा वर्ग + १८ चा घन = १८ + ३२४ + ५८३२ = ६१७४. या योगायोगांमागे खोल कारण असेलच असे नाही, पण ते पाहून डोळे चमकत नसतील तर हा छंद बहुधा आपला नव्हे.

हे कापरेकर कोण होते?

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यात शालेय शिक्षण, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पुढील शिक्षण, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक आणि १९२९ मध्ये पदवी, असा त्यांचा प्रवास झाला. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत होते. संख्यांचा नाद त्यांना लहानपणापासून होता आणि १९८६ मध्ये निधन होईपर्यंत तो सुटला नाही. त्यांनी आपले बरेच लेखन छोट्या पुस्तिकांच्या रूपात स्वतःच छापून प्रसिद्ध केले. भारतातील अनेक गणितींना हे काम किरकोळ वाटत असे. १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिल्यावर जगभर त्यांचे नाव झाले.

त्यांच्या शोधांची नावेही मजेशीर आहेत. १, १२१, १२३२१ अशा ज्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटले त्यांचे नाव जी.आय.पी. रेल्वेवरील त्या नावाच्या स्थानकावरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून आले. ही कल्पना त्यांना तिथे सुचली होती. आपल्या अंकांच्या बेरजेने ज्यांना निःशेष भाग जातो त्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ हे संस्कृत नाव दिले. वर पाहिलेली ६१७४ अशीच एक आहे. कापरेकर संख्या ही आणखी वेगळी जात असून तिचा वर्ग दोन भागांत तोडून त्या भागांची बेरीज केली की मूळ संख्या परत मिळते. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५, तसेच ७०३ चा वर्ग ४९४२०९ आणि ४९४ + २०९ = ७०३.

त्यांच्याजवळ संगणक नव्हता. एवढ्या याद्या त्यांनी हाताने केल्या, हे आजच्या छांदिष्टाने मनात ठेवावे, कारण हाताने काढलेल्या पहिल्या पन्नास ओळींतून जी ओळख होते ती पडद्यावर धावणाऱ्या पन्नास हजार ओळींतून होतेच असे नाही.

कोणती संगणकभाषा शिकावी? महागडा संगणक लागतो का?

नवख्यांसाठी पायथन ही भाषा सोयीची आहे. ती मोफत आहे, वाक्यरचना सुटसुटीत आहे आणि तिच्यात पूर्णांक कितीही मोठा असला तरी तो अचूक हाताळला जातो. घरातला दहा वर्षे जुना लॅपटॉप पुरतो. तोही नसेल तर मोबाइलवर पायथन चालवणारी अॅप्स आहेत, पण मोबाइलच्या कीबोर्डवर प्रोग्रॅम लिहिणे त्रासाचे असते, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. भूमितीची आवड असेल तर जिओजेब्रा आणि संख्यासिद्धांताच्या, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांच्या, खोलात जायचे असेल तर पारी-जीपी किंवा सेज ही साधने मोफत उपलब्ध आहेत.

आधी संपूर्ण भाषा शिकून मग गणिताकडे वळण्याचा बेत मात्र करू नये. संख्या ठेवण्यासाठी चल, ‘जर-तर’, पुनरावृत्तीचा लूप आणि फंक्शन या चार गोष्टी आल्या की सुरुवात करावी. उरलेले प्रश्नच शिकवतात.

एक्सेलसारख्या तक्त्यात हे करता येत नाही का?

लहान प्रयोगांसाठी उत्तम करता येते. पण १११११११११ चा, म्हणजे नऊ एकांच्या संख्येचा वर्ग तिथे काढून पाहावा. खरे उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१ हे आहे आणि ती एक डेम्लो संख्या आहे. तक्ता मात्र शेवटच्या दोन अंकांच्या जागी शून्ये दाखवतो, कारण तो पंधरा अंकांपर्यंतच अचूकता राखतो. संख्यांच्या अंकांशी खेळणाऱ्याला ही मर्यादा फार लवकर आडवी येते.

म्हणजे संगणकाचे उत्तरही चुकीचे असू शकते?

असू शकते, आणि हा प्रश्न छंदाच्या पहिल्याच महिन्यात विचारला जावा. चुका साधारण तीन ठिकाणी लपतात.

पहिली जागा यंत्राच्या अंकलेखनाची. बहुतेक भाषांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ बरोबर आहे का असे विचारल्यास ‘नाही’ असे उत्तर येते. यंत्र वापरते त्या, फक्त ० आणि १ यांनी लिहिण्याच्या द्विमान पद्धतीत ०.१ हा अपूर्णांक मर्यादित अंकांत लिहिता येत नाही, म्हणून यंत्र त्याच्या जवळची संख्या साठवते आणि बेरीज सतराव्या दशांश स्थळी घसरते. त्यामुळे शक्य तेथे पूर्णांकांतच काम करावे.

दुसरी जागा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची. कापरेकर क्रियेत नवख्यांची एक ठरलेली चूक असते. २१११ घेतल्यास २१११ − १११२ = ०९९९ येते. प्रोग्रॅमने पुढचे शून्य टाकून ९९९ धरले तर पुढची वजाबाकी शून्य येते आणि ‘ही संख्या अपवाद आहे’ असा खोटा शोध लागतो. शून्य राखले तर ९९९० − ०९९९ = ८९९१ असा प्रवास नीट सुरू राहतो. प्रोग्रॅमने आश्चर्यकारक काही सांगितले की आधी चार उदाहरणे हाताने करून पाहावीत.

तिसरी जागा सर्वांत फसवी आहे. तिथे संगणकाचे उत्तर बरोबर असते, पण त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष चुकतो. एखाद्या संख्येचा वर्ग, ती संख्या आणि ४१ यांची बेरीज करावी. ० पासून ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या (१ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणारी) मिळते आणि ४० ला मात्र ४१ चा वर्ग मिळतो. चाळीस यशांनंतरचे हे अपयश निदान लवकर दिसते. १९१९ मध्ये गणिती जॉर्ज पोल्या यांनी असे अनुमान मांडले की कोणत्याही मर्यादेपर्यंतच्या संख्या मूळ अवयवांत फोडल्या, तर विषम संख्येने अवयव असलेल्या संख्या निम्म्याहून कमी कधीच नसतात. हे खोटे ठरवणारी सर्वांत लहान मर्यादा ९०,६१,५०,२५७ आहे. नव्वद कोटींपर्यंत सरळ चाललेली गोष्ट पुढे मोडू शकते, हे माहीत असलेला माणूस ‘दहा लाखांपर्यंत तपासले’ या वाक्याला सिद्धता म्हणत नाही.

आपल्या प्राचीन गणितात अशा छंदाला जागा होती का? वैदिक गणित त्यातच येते का?

जागा होती आणि मोठी होती. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये पूर्ण केलेल्या ‘गणितकौमुदी’ या ग्रंथात जादूच्या चौरसांना ‘भद्रगणित’ या नावाने स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्याच ग्रंथात गाईंचे एक कोडे आहे : गाय दर वर्षी एक कालवड देते, प्रत्येक कालवड चौथ्या वर्षापासून दर वर्षी एकेक कालवड देऊ लागते, तर एका गाईपासून वीस वर्षांत एकूण गाई किती होतील? प्रत्येक वर्षीची संख्या म्हणजे आधीच्या वर्षीची संख्या अधिक तीन वर्षांपूर्वीची संख्या, एवढे लक्षात आले की तीन ओळींच्या प्रोग्रॅमने उत्तर निघते. ते २,७४५ आहे.

खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेला चार बाय चारचा चौरस असा आहे :

७ १२ १ १४
२ १३ ८ ११
१६ ३ १० ५
९ ६ १५ ४

ओळी, स्तंभ आणि कर्ण यांची बेरीज ३४ येते हे तर आहेच. पण वरची ओळ उचलून खाली ठेवली किंवा डावा स्तंभ उचलून उजवीकडे नेला तरी नवा चौरसही जादूचाच राहतो. १ ते १६ हे अंक वापरून असे किती चौरस होतात? नारायण पंडितांनी ३८४ ही संख्या दिली आहे. संगणकावर ती पडताळण्याचा प्रयत्न हा प्रोग्रॅमिंगचा उत्तम धडा ठरतो. सोळा अंकांच्या सर्व मांडण्या तपासायच्या म्हटल्या तर त्या सुमारे २१ लाख कोटी आहेत आणि साधा संगणक त्यात थकून जाईल. पण एक ओळ भरताच बेरीज ३४ नसेल तर तिथूनच मागे फिरायचे, असा नियम घातला की काम आटोक्यात येते. याच पद्धतीने साध्या जादूच्या चौरसांचीही मोजदाद करता येते. फिरवलेले आणि आरशात उलटलेले चौरस एकच धरले तर चार बाय चारचे ८८० प्रकार होतात, तीन बाय तीनचा मात्र एकच.

‘वैदिक गणित’ या नावाने आज जे शिकवले जाते ते मुख्यतः स्वामी भारती कृष्ण तीर्थ यांच्या १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील जलद आकडेमोडीच्या युक्त्या आहेत, आणि त्यांची सूत्रे उपलब्ध वैदिक ग्रंथांत आढळत नाहीत. त्यांतील युक्त्या बीजगणिताने सिद्ध करून पाहणे हा छान उद्योग आहे. पण वेगाने गुणाकार करणे हे या छंदाचे उद्दिष्ट नाही, ते काम आता यंत्राकडे गेले आहे.

हौशी माणसाकडून खरोखर नवे काही सापडू शकते का?

सापडले आहे, आणि अलीकडेही सापडते आहे. एकाच आकाराच्या, एकही कोपरा आत न वळलेल्या पंचकोनी फरशांनी फट न ठेवता जमीन किती प्रकारे व्यापता येते, हा जुना प्रश्न आहे. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील मार्जोरी राइस या गृहिणीने त्याविषयी मासिकात वाचले. त्यांचे गणिताचे शिक्षण शाळेपुरतेच होते. स्वयंपाकघरात काम करता करता त्यांनी स्वतःची चिन्हपद्धती तयार केली आणि पुढील दोन वर्षांत पंचकोनांचे चार नवे प्रकार शोधले. पंधरावा प्रकार २०१५ मध्ये संगणकाच्या साह्याने सापडला आणि याहून अधिक प्रकार नाहीत असे २०१७ मध्ये मिखाएल राव यांनी, तेही संगणकाच्या मदतीने, दाखवले.

इंग्लंडमधील डेव्हिड स्मिथ या निवृत्त छपाई तंत्रज्ञाने २०२२ च्या अखेरीस तेरा बाजूंची टोपीसारखी दिसणारी एक आकृती संगणकावर जुळवली, पुठ्ठ्यातून तिचे नमुने कापले आणि ती मांडत गेल्यावर नक्षी कुठेच ठरावीक अंतराने परत येत नाही हे त्यांच्या ध्यानात आले. एकच फरशी, जमीन पूर्ण व्यापलेली, पण नक्षीची पुनरावृत्ती नाही, अशा आकृतीचा शोध अनेक दशके चालू होता. स्मिथ यांनी संगणकशास्त्रज्ञ क्रेग कॅप्लन यांना कळवले, पुढे जोसेफ मायर्स आणि चाइम गुडमन-स्ट्रॉस यांची जोड मिळाली आणि चौघांनी मिळून मार्च २०२३ मध्ये सिद्धता जाहीर केली. यातला क्रम पाहण्यासारखा आहे. डोळ्याला दिसले ते छांदिष्टाला, सिद्धतेत व्यावसायिकांची साथ लागली आणि लेखकांच्या यादीत चौघेही बरोबरीने आले.

तिसरे उदाहरण संगणनातले आहे. ट्युरिंग यंत्र म्हणजे ठरावीक नियमांनी एका पट्टीवर चिन्हे लिहीत मागे-पुढे सरकणारे काल्पनिक गणनयंत्र. पाच अवस्था आणि दोन चिन्हे असलेले असे यंत्र थांबण्यापूर्वी जास्तीत जास्त किती पावले टाकू शकते? ४,७१,७६,८७० पावले टाकून थांबणारे यंत्र १९८९ मध्येच सापडले होते, पण त्याहून जास्त चालून थांबणारे दुसरे नाहीच, हे दाखवण्यासाठी कोट्यवधी यंत्रे निकालात काढावी लागणार होती. इंटरनेटवर जमलेल्या गटाने, ज्यात विद्यापीठाशी संबंध नसलेले बरेच जण होते, ते काम २०२४ मध्ये पुरे केले आणि सिद्धता संगणकाकडून तपासून घेतली.

तरीही शोध लागावा या आशेने हा छंद धरू नये. बहुतेकांना जे सापडते ते आधी कुणाला तरी सापडलेले असते, आणि त्याने गोडी कमी होत नाही.

मला सापडलेली गोष्ट नवी आहे की जुनी, हे कसे कळेल?

संख्यांची मालिका असेल तर पूर्णांकमालिकांचा ऑनलाइन कोश पाहावा. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थी असताना ही यादी सुरू केली. १९९६ पासून ती इंटरनेटवर आहे आणि आज तिच्यात साडेतीन लाखांहून अधिक मालिका आहेत. आपल्या मालिकेच्या पहिल्या सहा-सात संख्या तिथे टाकल्या की बहुतेक वेळा तिचे नाव, सूत्र आणि इतिहास समोर येतो. सापडलीच नाही आणि मालिका खरोखर लक्षवेधी असेल, तर ती पाठवता येते. संपादक मंडळ ती तपासते.

कोलाट्झचे अनुमान ऐकायला इतके सोपे आहे. ते सिद्ध करण्याचा प्रयत्न करू का?

नियम सोपा आहे खरा. संख्या सम असेल तर निम्मी करावी, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवावा. असे करत गेल्यास शेवटी १ येतोच, हे लोथार कोलाट्झ यांच्या नावाने ओळखले जाणारे अनुमान आहे. २६ ही संख्या दहा पावलांत १ वर उतरते, तर तिची शेजारीण २७ ही १११ पावले घेते आणि वाटेत ९,२३२ पर्यंत चढून येते. २ च्या ६८ व्या घातापर्यंतच्या सर्व संख्या संगणकांनी तपासल्या आहेत आणि टेरेन्स टाओ यांनी २०१९ मध्ये ‘जवळजवळ सर्व’ संख्यांविषयी महत्त्वाचा अंशतः निकाल मिळवला आहे. पूर्ण सिद्धता कोणाजवळच नाही.

प्रयोग जरूर करावेत. कोणत्या संख्या लांब चालतात, शेजारच्या संख्यांची पावले बऱ्याचदा सारखी का निघतात, तिप्पट अधिक एकऐवजी पाचपट अधिक एक केले तर काय होते, असे प्रश्न मनसोक्त खेळावेत. पण तीन पानांत सिद्धता झाली असे वाटले तर ती विद्यापीठांना पाठवण्याआधी निदान महिनाभर ठेवून द्यावी आणि प्रत्येक ‘म्हणून’ वर बोट ठेवून तपासावी. कंपास आणि खुणा नसलेल्या पट्टीने कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करणे अशक्य आहे हे १८३७ मध्येच सिद्ध झाले, तरी ते केल्याचे दावे करणारी पत्रे त्यानंतरही गणितींकडे येतच राहिली. ‘अजून सुटलेले नाही’ आणि ‘सुटणे अशक्य आहे हे सिद्ध झाले आहे’ यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याची बरीच वर्षे फुकट जातात.

कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की उत्तर मिळते. मग स्वतः करायचे कशासाठी?

उत्तर हवे असेल तर विचारावे. प्रोग्रॅममधली अडलेली ओळ, न समजलेली संज्ञा, यासाठी ही साधने उपयोगी आहेत, मात्र ती चुकीची सिद्धताही तितक्याच आत्मविश्वासाने लिहितात. छंदाच्या बाबतीत मुद्दा निराळा आहे. शब्दकोडे सोडवणाऱ्याला पेपरच्या मागच्या पानावरचे उत्तर आधी दाखवले तर त्याचे काम वाचत नाही, सकाळ वाया जाते. मला वाटते, निदान पहिले काही दिवस प्रश्न स्वतःजवळ ठेवावा.

वय झाल्यावर सुरुवात केली तर चालेल का? मुलांना कधी ओढावे?

या छंदाला वयाची अट नाही. मुलांना मात्र ओढू नये. आपण टेबलावर चौरस भरत बसलो की ती स्वतःहून डोकावतात. चौथी-पाचवीतल्या मुलाला वजाबाकी येत असेल तर ६१७४ चा प्रयोग पुरेसा आहे, आणि वजाबाकीचा न सांगता झालेला सराव हा वरचा फायदा. मराठीतून वाचू इच्छिणाऱ्यांनी मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आणि पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानचे उपक्रम यांकडे लक्ष ठेवावे.

नोंदी कशा ठेवाव्यात?

एक जाड वही आणि संगणकात एक फोल्डर. वहीत तारीख, प्रश्न, काय करून पाहिले आणि कुठे अडले हे लिहावे. प्रोग्रॅमच्या वरच्या ओळीत तो काय करतो हे साध्या मराठीत नोंदवावे, नाहीतर सहा महिन्यांनी आपलाच प्रोग्रॅम परका वाटतो. फसलेले प्रयत्न खोडू नयेत.

सुरुवात करण्यासाठी एखादा प्रश्न सुचवाल का?

कापरेकरांच्याच कामातला एक घ्यावा. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते : १५ + १ + ५ = २१, म्हणून १५ ही २१ ची जनक. १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. पण २० ला एकही नाही. अशा बिनजनक संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले, त्या देवळालीच्या नावानेही ओळखल्या जातात. त्यांची यादी १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८ अशी चालते. ९ पासून १०८ पर्यंत प्रत्येक वेळी ११ चा फरक पडतो, त्यामुळे पुढची ११९ असावी असे वाटते. ती ११० निघते. आधी हाताने ११० पर्यंत पोहोचावे, मग एक लाखापर्यंतच्या संख्यांसाठी प्रोग्रॅम लिहावा. ११ ची चाल नेमकी कुठे कुठे मोडते याची यादी करावी आणि ती तिथेच का मोडते, हे वहीत लिहून दाखवण्याचा प्रयत्न करावा.

ते झाले की १९६ घ्यावी. संख्या उलटी लिहून मूळ संख्येत मिळवावी आणि उत्तर दोन्ही बाजूंनी सारखे वाचता येईपर्यंत असेच करत राहावे. ८९ ला यासाठी चोवीस पावले लागतात आणि ८८१३२०००२३१८८ मिळते. १९६ पासून सुरुवात करून कोट्यवधी अंकी संख्यांपर्यंत संगणक चालवले गेले, तरी असे उत्तर आलेले नाही, आणि ते कधीच येणार नाही असेही कोणी सिद्ध केलेले नाही. द्विमान पद्धतीत मात्र १०११०, म्हणजे आपली २२, या संख्येपासून असे उत्तर कधीच येत नाही हे सिद्ध झाले आहे. आधी प्रोग्रॅमने तिची पहिली वीस पावले द्विमान अंकांत छापून घ्यावीत आणि दर चौथ्या पावलाला अंकांची ठेवण कशी दिसते ते पाहावे.